न झालेल्या सहलीला पाचपैकी पाच

हेब्बाळजवळच्या एका खासगी विद्यापीठात मी मुलांना नेतृत्व शिकवते. चामराजपेटेतल्या आमच्या घरी हे ऐकून अजून हसू फुटतं, कारण घरात माझं कुणीही ऐकत नाही. त्या वर्षी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. कोर्स चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला बाहेरून एक निवृत्त प्राध्यापक येणार होते. कोर्स गेला असता तर माझी कंत्राटी नोकरीही गेली असती.

तरी मी निर्धास्त होते. मुलांनी भरलेले अभिप्रायाचे फॉर्म माझ्याकडे होते आणि जवळजवळ प्रत्येकाने प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी पाच दिले होते. दोन दिवस मी हवेतच होते.

सरांनी गठ्ठा चाळला, चष्मा वर सरकवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "आठव्या प्रश्नात कारखान्याची सहल आहे. कुठे नेली होती, अम्मा?"

सहल गेलीच नव्हती. तो फॉर्म मी आळसाने दुसऱ्या एका कोर्सवरून उतरवून घेतला होता आणि हा प्रश्न काढायचा राहून गेला होता. माझ्या भावी नेत्यांनी न झालेल्या सहलीलाही उत्कृष्ट ठरवलं होतं! अभिप्राय दिल्याशिवाय हॉल तिकीट हातात पडत नाही, म्हणून शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करत सुटायचं, ही आमच्याकडची रीतच. मला ती पक्की ठाऊक होती. स्वतःचं कौतुक वाचताना सोयीस्करपणे विसरले होते, इतकंच. संताप आला, पण काढणार कोणावर?

"हा एक वेगळा आहे," सर म्हणाले. त्या फॉर्मवर आठव्या प्रश्नापुढे पेनाने लिहिलं होतं, 'सहल झाली नाही.' खाली आणखी होतं, 'ज्याचं इंग्रजी फाडफाड, तोच दर वेळी गटाचा नेता. बाकीच्यांनी खुर्च्या मांडायच्या.' गुण दोन.

"हिला बोलवा," फॉर्मवरचं नाव वाचून सर म्हणाले.

ती आनेकलहून दोन बस बदलून येणारी, शेवटच्या बाकावरची मुलगी. सबंध सत्रात तिचा आवाज मी धड ऐकला नव्हता. आता ती नेमकी माझ्या नोकरीवर बोलायला येणार होती.

"सगळ्यांनी पाच दिले, तू का नाही?" सरांनी विचारलं.

ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "मॅडमनी आम्हाला एक काम दिलं होतं सर. सगळे हो म्हणत असतील तिथे एकदा तरी नाही म्हणून बघा. मला वर्गात जमलं नाही. म्हणून मग इथे केलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग काय, बंद करू या हा कोर्स?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

"नको सर. स्वल्प बदला. नेता पाळीपाळीने करा. आणि फॉर्म मॅडमनी आमच्यासाठी वेगळा लिहावा."

"सरी, ठीक आहे," म्हणत सर मनापासून हसले. गठ्ठ्यातला तिचा तेवढा कागद त्यांनी आपल्या फाइलीत ठेवला आणि बाकीचे मला परत केले. कोर्स चालू ठेवा, असं ते लिहिणार होते. माझा जीव भांड्यात पडला. त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हॉल तिकीट आणायचंय म्हणून ती निघूनही गेली होती.

सरांनी माझी वही बघायला मागितली नाही, ही त्या दिवशीची दुसरी सुटका. त्या वहीत मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे शेरा लिहिते. बसमध्ये बसायला जागा मिळाल्यावर मी ती उघडली आणि त्या मुलीपुढचा, माझ्याच हातचा शेरा खोडला. 'पुढाकार घेत नाही,' असं लिहिलं होतं मी.