समुद्रावरचा डाकू आणि माडीवरचे भाडेकरू

आमच्या माडीवर राहणाऱ्या भाडेकरूंइतका निराश माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा जन्माला आला नसेल, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. निजामाच्या वेळेपासून ते कचेरीत उर्दूत खर्डेघाशी करत. पोलीस ॲक्शननंतर आमच्या गल्लीत पेढे वाटले, तर हे पेढा हातात धरून मला म्हणाले, "मास्तर, आता आमची नोकरी गेली बघा." नोकरी कसली जाते! उलट बढती मिळाली, तेव्हा चेहरा आणखीच उतरला. "बढती म्हणजे बदली. बदली म्हणजे बीड. बीडला पाणी नाय." आंबा गोड निघाला की म्हणत, "म्हणजे बाकीचे आंबट." एकदा त्यांना दौलताबादला नेलं. सगळा किल्ला धापा टाकत चढून आम्ही माथ्यावर पोचलो, वारा असा सुटलेला की जीव सुखावावा, आणि हे खाली बघून म्हणतात, "आता हे सगळं उतरायचं." अशा माणसाचं करायचं काय, सांगा!

आणि या माणसाला वेड लागलं ते एका इंग्रजी सिनेमाचं. गुलमंडीपासून चालत जाता येईल अशा टॉकीजला तो आठवडाभर होता. एक देखणा समुद्री डाकू, एका बेटाचा सुभेदार आणि सुभेदाराची मुलगी. गावात समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, त्यामुळं लाट उसळली की पुढच्या बाकांवरचे लोक पाय वर घ्यायचे. आमचे भाडेकरू सातही दिवस गेले आणि मलाही ओढून नेलं. डाकू दोर धरून एका जहाजावरून दुसऱ्यावर झेपावला की हे माझं मनगट दाबून रोज म्हणत, "मेला!" चौथ्या दिवशी मी वैतागलो. "अहो, काल वाचला, परवा वाचला, आज कसा मरेल?" तर म्हणाले, "काल वाचला म्हणून आज वाचंल असं थोडंच आहे?"

शेवटी तो डाकू, डोक्यावर फाशी टांगलेली असताना, भर दिवसा सुभेदारापुढं जाऊन उभा राहतो आणि मुलीला मागणी घालतो. त्या वेळी मात्र हे मनगट सोडून देत आणि गप्प बसत. सातव्या दिवशी परतताना गुलमंडीत मध्येच थांबले. "मास्तर, तुमच्या बहिणीसाठी उद्या काकांना विचारू का? नाय म्हणतील. पण विचारतोच."

मला तर रस्त्यातच त्यांना मिठी मारावीशी वाटली. माझी धाकटी बहीण दोन वर्षं या एका प्रश्नाची वाट बघत होती. वर पोह्यांची बशी द्यायची असली तर बाईसाहेब वेणी नव्यानं घालायच्या. जात, पत्रिका, कशातच अडत नव्हतं. वडिलांनाही, म्हणजे ह्यांच्या काकांनाही, माणूस पसंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा कोट घालून ते खाली आले. बहीण चहाचं आधण ठेवून दाराआड उभी राहिली. मी वडिलांशेजारी.

"काका, माझा पगार थोडा आहे."

"वाढंल की," वडील म्हणाले.

"तब्येतही नाजूक."

"दिसत तर नाय."

"बदली कुठंही होईल. आमच्या घराण्यात कुणी साठी पाहिली नाय." घाम पुसत त्यांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. आणि मग माझ्या देखत हा भला माणूस काय म्हणाला? "तुम्हाला मुलीचं बघायचंच आहे. माझ्यासारखं स्थळ बघू नका, काका. चांगलं बघा."

वडिलांना वाटलं, माणूस सभ्यपणानं नाही म्हणतोय. ते फक्त "बरं" म्हणाले. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. संध्याकाळी वडिलांना समजावायला गेलो तर ते भडकले, "तोंडावर नाय म्हणणाऱ्याच्या पायरीवर मी पोर घेऊन जाऊ व्हय?" आणि बहिणीनं मला शपथ घातली. "त्यांना एक अक्षर सांगायचं नाही. ज्याला मागताही येत नाही, त्याच्या गळ्यात मला पडायचं नाही." भाडेकरू मात्र जिन्यात भेटले तेव्हा सुटल्यासारखे दिसले. "विचारलं नाय तेच बरं झालं, मास्तर. नाय म्हणाले असते."

उन्हाळ्यात ती लग्न होऊन जालन्याला गेली. पंगतीत जिलबी वाढायला हेच पुढं होते, आणि प्रत्येक पानापाशी वळवाची भीती घालत होते. पुढं त्यांनी लग्न केलं नाही. बदल्या होत गेल्या, माडी सुटली.

मागच्या वर्षी बहीण गेली. कळल्यावर ते भेटायला आले. पाठीत वाकलेले, हातात काठी. बसले, उसासा टाकला आणि म्हणाले, "तेव्हा विचारलं असतं तरी काकांनी नायच म्हटलं असतं."

शपथ घालणारीच राहिली नव्हती. मी म्हणालो, "अहो, वडील हो म्हणणार होते. तीही हो म्हणणार होती. दोन वर्षं वाट बघत होती तुमची."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "हे सांगायला नको होतं, मास्तर. जन्मभर मी नशिबाला बोल लावला. आता कुणाला लावू?"

 त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी वेळेवर लागली, खिडकीची जागा मिळाली. एरवी त्यांनी निदान पंक्चरची तरी भीती घातली असती. त्यांनी घालावी म्हणून गाडी हलेपर्यंत मी खिडकीखाली उभा राहिलो. ते काहीच बोलले नाहीत.