खांदा आणि आपला माणूस

नवरा वाळूजच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. सरकारी विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आता औषधाचं काम नाही. रोज फिजिओथेरपी घ्या. उशीर केलात तर खांदा असाच धरून बसेल." कंपनीत त्याचं काम डोक्यावरून फिरणाऱ्या साखळीला लोखंडी भाग टांगायचं. हात वर गेला तर नोकरी, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं.

विमा चालतो असा फिजिओथेरपीवाला शोधायचा होता. दवाखान्यातल्या चौकशीच्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडात गुटखा होता, त्यामुळे प्रत्येक पत्ता त्यानं हनुवटी वर करून सांगितला. पहिल्या पत्त्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान निघालं. दुसऱ्या ठिकाणच्या पोरीनं कार्ड न बघताच "सरकारी नाय चालत" म्हटलं आणि पंखा स्वतःकडं वळवला. तिसरा पत्ता वाळूजमध्येच, आमच्या खोलीपासून चालत जाण्यासारखा. तिथं एक तरुण बाई होती. कार्ड घेत होती आणि जागेवर होती. तिनं खांदा दाबून पाहिला तसा नवरा कळवळला. "दुखणारच," ती म्हणाली. "रोज या, हात वर नेऊ."

मग दीर आला. माझा दीर म्हणजे ओळख काढल्याशिवाय पाणीपुरीसुद्धा न खाणारा माणूस.

"वहिनी, परकी पोरगी दादाच्या अंगाला हात लावणार अन् तुम्ही बघत बसणार? पाचोडात कळलं तर?"

पाचोड माझं सासर. बाजाराच्या दिवशी तिथं आपल्याबद्दल काय बोललं जाईल याची त्या घराला आजाराहून जास्त धास्ती.

"सिडकोत आपला माणूस हाय. त्याच्याकडं बी इमा चालतोय," दीर म्हणाला. नवऱ्यानं लगेच मान हलवली. दुखणं टळतंय असं दिसलं की या लोकांना अब्रू फार लवकर आठवते.

आपल्या माणसानं खांद्याला हात लावायच्या आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग माझं माहेर. करमाड म्हटल्याबरोबर तो खुर्चीतून उठलाच. "करमाडला तर आमची आत्या दिलेली! म्हंजे तुम्ही आमच्या ताई, अन् हे आमचे दाजी." चहा आला. खांद्याचा निकाल तिथंच लागला.

कारण आमच्यात माणूस एकदा पाहुणा निघाला की त्याच्याकडून काम मागता येत नाही. डॉक्टरला "नीट बघा" म्हणता येतं, पाहुण्याला म्हटलं तर तो दुखावतो. रोज नवरा तांबड्या दिव्यासमोर बसायचा. पाहुणा शेजारी बसून कुणाची सोयरीक कुठं जमली आणि कुठं फिसकटली ते सांगायचा. शेवटी नवरा यंत्रावर बोट टेकवायचा, म्हणजे उपचार झाल्याचं सरकारला कळायचं. खांद्याला ऊब मिळायची. तेवढी ऊब आमच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर फुकट मिळते.

"अहो, त्या बाईकडं परत जाऊ," मी म्हणाले.

"पाहुण्याला काय वाटंल?"

"अन् ते तुमच्याच माहेरच्या नात्यातले, वहिनी," दीर म्हणाला, आणि केवढं शहाणं बोललो अशा तोऱ्यात माझ्याकडं बघत राहिला. लोक म्हणतात, अशांची कीव करावी. मला कीव येत नाही, किळस येते. अंगचा एक अवयव निकामी होतोय आणि हे कुणाला काय वाटेल ते मोजत बसलेत.

कंपनीनं तपासणीला बोलावलं तेव्हा मी नवऱ्याला ओढतच वाळूजच्या बाईकडं नेलं. तिनं हात धरून हळूहळू वर नेला. छातीपाशी तो अडकला. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"इतके दिवस कुठं होतात?" तिनं विचारलं.

"ट्रीटमेंट चालू होती की," नवरा म्हणाला.

नोकरी गेली. आता तो एका सोसायटीच्या फाटकावर बसतो.

पुढच्या लग्नसराईत पाहुण्याच्या पुतणीची पत्रिका आली. अर्थातच गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली. नवऱ्यानं उजव्या मुठीतल्या अक्षता टाकल्या, त्या पुढच्या माणसाच्या पाठीवर पडल्या. दुसऱ्यांदा त्यानं डावा हात उचलला, तर शेजारच्या म्हातारीनं मनगटच धरलं. "डाव्या हातानं टाकू नई, बाबा." उरलेल्या अक्षता त्यानं माझ्या हातावर ठेवल्या.

मंगलाष्टकं संपल्यावर पाहुणा फेटा सावरत आला. त्यानं त्याच खांद्यावर थाप मारली. "काय दाजी, व्यायाम सोडला व्हय?"

"व्हय, जरा सोडला," नवरा म्हणाला, आणि ओशाळून हसला.