पिवळी पडलेली कुपी

माझ्या नणंदेची बडबड जिन्यातच सुरू व्हायची. मी दार उघडेपर्यंत अर्धी गोष्ट सांगून झालेली असायची, आणि ती अर्धी मला ऐकू आलीच आहे असं धरून ती पुढची सांगायला लागायची. बसमध्ये शेजारी कोण बसलं, त्याच्या बुटाची नाडी कशी सुटली होती, ते सांगितल्यावर तो उलट हिच्यावरच कसा खेकसला. मी शिवणयंत्रावर मान खाली घालून हूं हूं करत राहायचे. या घरात लग्न करून आल्यावर मी पहिली गोष्ट शिकले ती हीच, की ताईला थांबवायच्या भानगडीत पडायचं नाही.

तिची नोकरी मात्र तोंड मिटून करायची होती. एका संशोधन संस्थेत ती पेशी सांभाळायची. माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी चपट्या कुप्यांमध्ये वाढवायच्या, त्यांना वेळेवर खाऊ घालायचं, गर्दी झाली की दुसऱ्या कुपीत वाटून द्यायचं. कोपरापर्यंत हात धुवायचे, मोजे चढवायचे आणि काचेच्या पडद्याआड हात घालून बसायचं. तिथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. श्वासातलं काही कुपीत गेलं तर सगळं नासतं. "दिवसभर तुंबलेलं इथे येऊन मोकळं करते बिचारी," असं माझा नवरा म्हणायचा. तो तिचा धाकटा भाऊ. अंगाने चांगला उंच, दाराच्या चौकटीला डोकं आपटणारा, पण ताई त्याला छोट्याच म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम होतं, आणि त्यात तो एक नंबर होता.

यांच्या घराण्यात एक आजार आहे. चाळिशीच्या आसपास हातातून वस्तू पडायला लागतात, मग पाय ऐकेनासे होतात, मग जीभ जड होते, आणि शेवटी गिळता येत नाही. सासरे त्यातच गेले. लग्नाआधी दोघा भावंडांनी रक्त तपासून घेतलं. ताई सुटली, हा सुटला नाही. त्याने मला सगळं सांगितलं आणि मी तरीही हो म्हटलं. मूल होऊ द्यायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. मला त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं. ताईचं वेगळंच झालं. जणू भावाच्या वाटणीचं नशीब आपण ढापलं, असं तिने मनाला लावून घेतलं. तिला स्थळं सांगून आली, तिने एकही ऐकून घेतलं नाही.

तिच्या संस्थेत एक सर याच जातीच्या आजारांवर काम करत. ताईने त्यांचं डोकं खाऊन खाऊन छोट्याच्या पेशी घ्यायला लावल्या. त्याच्या दंडावरून मसुराच्या दाण्याएवढा कातडीचा तुकडा काढला आणि त्यातून पेशी वाढवल्या. "आता माझी एक शाखा तुझ्या ऑफिसात," तो म्हणाला. "फक्त पगार मला मिळायला हवा."

एकदा ती मलाही तिथे घेऊन गेली. खोली साधीच होती, पांढऱ्या फरशीची, औषधाच्या वासाची. भिंतीला एक उबदार कपाट होतं. त्यात कुप्या आडव्या निजवलेल्या, आणि प्रत्येकीत गुलाबी पाणी. ते पेशींचं अन्न. पेशींनी ते खाल्लं की पाणी पिवळं पडतं, आणि पिवळं दिसलं की समजायचं, त्या उपाशी आहेत. प्रत्येक जातीच्या पेशीची अन्नाची बाटली वेगळी. एकाची बाटली दुसऱ्याला लावायची नाही, हा तिथला पहिला नियम. नव्या मुलींकडून तो घोकून घेताना ताईचा आवाज बाहेरच्या बोळापर्यंत जायचा म्हणे. तिने मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. माझा नवरा तिथे टेबलावर पडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखा पसरलेला होता, लांबट आणि बारीक. रंग घातला की त्या पेशींमध्ये ठिपके चमकायचे. सरांचं म्हणणं, हेच ठिपके आतून माणसाला खातात.

"मग तुम्ही नक्की करता काय?" मी विचारलं.

"हे बघ, एका घरात रोज भांडणं होतायत. कोणामुळे होतायत ते कळत नाही. मग एकेकाला आळीपाळीने गप्प बसवायचं. ज्याला गप्प केलं की घर शांत होतं, तो आगलाव्या. आम्ही जनुकांचं तेच करतो."

"आपल्या घरात सुरुवात कुणापासून करायची ते मला माहितीय," मी म्हटलं. सगळ्यात मोठ्याने तीच हसली.

मग तिने मला नीट समजावलं. जनुकाकडून निरोप निघतो, पेशी तो वाचते आणि सांगितलेली वस्तू बनवते. हे लोक पेशीत एक चिमुकला तुकडा सोडतात. तो त्या निरोपाला जाऊन चिकटतो आणि निरोप पोचायच्या आत फाडला जातो. जनुक जागच्या जागी असतं, पण त्याचं कुणापर्यंत पोचत नाही. मग काय बंद पडलं, काय सुधारलं ते बघत बसायचं, आणि त्यावरून आजार कुठल्या वाटेने येतो ते शोधायचं.

"ज्याच्यामुळे आजार झाला त्यालाच गप्प करा की."

"त्याला पूर्ण गप्प केलं तर पेशीच मरते. ते बिघडलेलं असलं तरी कामाचं आहे. तुझ्या नवऱ्यासारखं."

म्हणून त्याचा कोणी साथीदार शोधायचा होता, ज्याच्यावाचून पेशीचं अडणार नाही. वर्षानुवर्षं ते एकेक जनुक गप्प करत राहिले आणि ठिपके होते तिथेच राहिले. इकडे छोट्याच्या हातून पाना पडला, मग नोकरी गेली, मग तो जिन्यावरून उतरेनासा झाला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर दुसऱ्यांना वर चढवलं आणि स्वतः अडकलो, असं तोच म्हणायचा.

मग पाणी पिताना ठसका लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोटात नळी बसवून घ्या, अन्न थेट आत जाईल. त्याने नाही म्हटलं. "बाबांना नळीवर बघितलंय. नुसते छताकडे बघत पडलेले असायचे. गिळता येईल तोवर मी आहे. पुढचं मला नको." जीभ जड झाली होती, तरी हे त्याने नीट, थांबून थांबून सांगितलं. मी रडले आणि मग मानलं. त्याचं जगणं, त्याचा निर्णय. ताईलाही आम्ही सांगून टाकलं.

नंतर एके संध्याकाळी ताई आली ती जिन्यातून मुकाट्याने आली. मी घाबरलेच. ती त्याच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसली.

"छोट्या, ठिपके गेले."

दोन कुप्या होत्या. दोन्हींत त्याच्याच पेशी. एकीत एक जनुक गप्प केलेलं, दुसरी तुलनेसाठी तशीच ठेवलेली. तुलनेच्या कुपीत ठिपके भरलेले, आणि पहिल्या कुपीत एकही नाही. उलट तिथल्या पेशी गुटगुटीत झाल्या होत्या, भराभर वाढत होत्या. आगलाव्या सापडला होता. सरांनी तिची पाठ थोपटली होती. ते असंही म्हणाले होते की अजून पुष्कळ तपासायचं आहे, औषध अजून लांब आहे. ते तिने आम्हाला सांगितलं नाही.

"नळी बसवून घे," ती म्हणाली. "माझ्यासाठी घे. थोडं थांब."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं असेल ते मला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता.

"बरं," तो म्हणाला. "थांबतो."

नळी बसवली. थोड्याच दिवसांत त्याचं बोलणं पूर्ण गेलं. आम्ही पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली. तो उजव्या हाताचं एक बोट सरकवून शब्द लावायचा. ताई रोज कामावरून सुटली की यायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि नळीतून त्याचं जेवण हळूहळू सोडायची. सोडताना तोंड चालूच. "आज तुला वाटून दिलं बरं का. एकाच्या चार कुप्या झाल्या. एवढी भूक तुला लहानपणीही नव्हती." त्याच्या डोळ्यांत हसू यायचं. आमच्या घरातले ते दिवस, कसे म्हणू, चांगले होते.

सगळं छापायला पाठवायच्या आधी पेशी खरंच ज्याच्या म्हणतो त्याच्या आहेत का, ते त्याच्या रक्ताशी ताडून बघतात. त्याचा निकाल आला त्या दिवशी ताई घरी न येता आधी माझ्या दुकानात आली. खाली रस्त्यालगत माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. टांगलेल्या कोटांमध्ये ती उभी राहिली.

"त्या पेशी छोट्याच्या नाहीत."

"म्हणजे?"

"पहिल्या कुपीतल्या. एका बाईच्या आहेत. कॅन्सरच्या. शेजारच्या कप्प्यात वाढवतो त्या."

मला आधी हसूच आलं. नवरा बाई निघाला, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. मग तिचं तोंड बघितलं.

मोठी सुट्टी होती, तेव्हा घडलं होतं ते. संस्था बंद. तिला चैन पडेना म्हणून ती नुसतं बघायला गेली, आणि दोनपैकी एक कुपी पिवळी पडलेली दिसली. छोट्याच्या पेशींची बाटली संपली होती आणि भांडाराला कुलूप होतं. शेजारच्या पेशींची उघडी बाटली तेवढी समोर होती.

"मीच ओरडून शिकवते गं सगळ्यांना. एकाची बाटली दुसऱ्याला नाही. पण तो उपाशी होता."

"पेशी उपाशी होत्या, ताई," मी म्हटलं. "तो तेव्हा वर बसून माझ्या हातचं जेवत होता."

मी हे फार कडवट बोलले, आणि मला ते परत घ्यावंसं वाटलं नाही. त्या बाटलीत आधीच चार-दोन चुकार पेशी पडल्या असणार. कॅन्सरच्या पेशी हावरट. त्यांनी त्याच्या पेशींना खायला उरू दिलं नाही. काही महिन्यांत त्या कुपीत छोट्या उरलाच नाही. पेशींचा आकार बदलला, वाढ जोरात झाली, ठिपके दिसेनात, आणि हे सगळे शिकलेले लोक म्हणाले, गुण आला.

एक आशा शिल्लक होती. पहिल्या दिवसांतल्या त्याच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. सरांनी त्या बाहेर काढून सगळं पहिल्यापासून करायला लावलं, आणि काम ताईलाच दिलं. ते आठवडे मी वेड्यासारखी वाट बघितली. छोट्याला आम्ही काही कळू दिलं नाही. आगलाव्या गप्प केला. ठिपके तसेच राहिले, आणि पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या आणि वर तरंगल्या. मेल्या. त्या जनुकावाचून त्याच्या पेशींना जगताच येत नव्हतं.

"त्याला सांगू नका," मी म्हटलं.

"थांब म्हणून मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

तिने त्याला सगळं सांगितलं. बाटली, सुट्टी, ती बाई, मेलेल्या पेशी, आणि सरांचं तेव्हा गाळलेलं वाक्यही. जन्मात पहिल्यांदा तिने एक गोष्ट इकडे तिकडे न भरकटता सांगितली. तो तिच्याकडे बघत होता. मग त्याचं बोट हललं. त्याला फार वेळ लागला. मी पुठ्ठा धरून उभी होते.

आता किती दिवस.

ताईला उत्तर माहीत होतं, मलाही होतं. छाती चांगली आहे, नळीवर वर्षंही जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. नळी काढता येईल का, ते मी त्यांना नंतर एकटीने जाऊन विचारलं. ते म्हणाले, न बसवणं तुमच्या हातात होतं. बसवलेली काढून घेणं आता कुणाच्याच हातात नाही.

ताई अजून रोज येते. संस्थेत तिला कोणी काढलं नाही, सर तर तिला एक शब्दही बोलले नाहीत. ती जिन्यातून मुकाट वर येते, कोपरापर्यंत हात धुते, स्टूल ओढते आणि नळीतून हळूहळू अन्न सोडते. तोंड मिटलेलं असतं, काचेच्या पडद्याआड बसल्यासारखं. मी इतकी वर्षं जिच्या बडबडीला कंटाळले तिच्या गप्प बसण्याने आता मला घरात बसवत नाही.

काल त्याचं बोट पुठ्ठ्यावर सरकलं. दोनच अक्षरं. बोल.

ताईने तोंड उघडलं. ओठ हलले, पण काही आलं नाही. तो वाट बघत राहिला. शेवटी मीच बोलायला लागले. दुकानात आलेल्या कोटाचं, त्याच्या निघालेल्या अस्तराचं, बटणं जुळत नाहीत म्हणून वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकाचं, जे सुचेल ते. तो ताईकडेच बघत होता.