होता तसा आवाज

दहाव्याला आलेली माणसं फार खोटं बोलतात. माझी बायको गेली तेव्हा नदीवर जो तो मला सांगत होता, "काय गोड बोलायची हो माउली." डोकं भादरून बसलेला माणूस कुठं भांडणार, म्हणून मी गप्प राहिलो. पण त्यातल्याच एकीनं, ती जिवंत असताना, तिला 'भोंगा' म्हटलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय.

तिचा आवाज गोड नव्हता. फुटक्या पत्र्यावर खिळा ओढावा तसा होता. तिचं माहेर शिनोलीच्या वर, डोंगरात. तिकडं भाताच्या एका खाचरातून पार पलीकडच्या टेकाडावर हाक मारायची रीत. ती सवय तिनं वारूळवाडीत चाळीस वर्षं नांदूनही सोडली नाही. मी विहिरीवरच्या मोटारी, पंप दुरुस्त करत गावोगाव हिंडायचो. फोनवर लिहायला दोघांनाही जमत नव्हतं, माझी चौथी आणि तिची तेवढीही नाही. सुनेनं शिकवलं तसं ती बटण दाबून आवाज पाठवायची. ती फोनमध्ये बोलायची नाही, फोनला हाक मारायची. "आवंऽऽ, कुठं तडमडलात? येताना मीठ आणा." "आवंऽऽ, पावणं आल्यात, या आता." असे साठेक निरोप माझ्या फोनात राहिलेत. एकातही गोड शब्द नाही.

ती गेल्यावर मी ते ओट्यावर बसून लावायचो. आठ दिवस झाले आणि मुलगा म्हणाला, "आण्णा, सारखं सारखं आईचं वरडणं नका लावू. घरात बसवत नाय. हेडफोन घ्या एखादा."

वरडणं म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्या ताटाला ताट लावून जेवलो नाही. पण मनात आलं, घेऊ या. माझ्या कानात माझी बायको, कुणाच्या बापाला त्रास नाही. दोनच अटी. पाचशेच्या वर जायचं नाही, आणि आवाज तिचाच यायला पाहिजे, होता तसा.

नारायणगावात स्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे. मालक दाढीवाला, गळ्यात चेन, नजर आपल्या फोनात.

"हेडफोन दाखव," म्हटलं. "आवाज चांगला पाहिजे."

"हा घ्या बाबा. एक्स्ट्रा बेस हाय."

आमच्याकडं बेस म्हणजे झकास. भाकरी बेस झाली, काम बेस झालं. मला वाटलं, नजर वर करत नसला तरी माणूस सरळ आहे, जास्तीचं चांगलं देतोय. म्हटलं, "बेस हाय तर दे की. वाईट घेऊन काय करू?"

घरी येऊन कानाला लावला. 'आवंऽऽ' सुरू झालं आणि मी दचकलो. कणगीत तोंड घालून कुणी बाप्या बोलावा तसं. 'पावणं' म्हणाली की कानाच्या पडद्यावर बुक्की बसायची. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला हजर झालो.

"आवाज बेस नाय ह्याचा."

"आवं बाबा, बेसच बेस हाय! ह्याच्यापरीस जास्त बेस आख्ख्या नारायणगावात घावायचा नाय."

"मग बायकोच्या जागी मला बाप्या का ऐकू येतोय?"

"तोच तर बेस!"

दुकानातली माणसं फिदीफिदी हसायला लागली. शेवटी एका गिऱ्हाइकाला दया आली. "बाबा, ह्यांचा बेस म्हंजी दणका. डीजेचा असतो ना, छातीत बसतो तो."

"माझी बायको काय वरातीत नाचत व्हती का?" मी मालकाला म्हटलं. "मीठ आणा म्हणायला दणका कशाला लागतोय?"

"फोडलेला माल परत घेत नाय."

"फोडायचं अजून राहिलंय," म्हटलं आणि हेडफोन दोन्ही हातांनी धरला. तेव्हा त्या गिऱ्हाइकानंच तो माझ्याकडून थोड्या कमीत घेतला. त्याला दणका हवा होता. घे बाबा.

मग आळेफाट्याला गेलो. तिथं ट्रकवाल्यांसाठी टपऱ्या आहेत. एकीवर हेडफोन होते, बिनवायरचे, करंगळीएवढे, कानात खुपसायचे. टपरीवाला बोलायला बेरकी होता. "राव, हे घाला. हॉर्न, गाड्या, समदं गायब." घातले. हॉर्न गायब झाले हे खरं. पण तिच्या आवाजाच्या कडा कानशीनं घासून काढल्यासारख्या. चिरकणं गेलं, खरखर गेली. बातम्या सांगणारी बाई मला मीठ आणायला सांगत होती.

"कसं ग्वाड वाटतंय का नाय?"

"चाळीस वर्षांत ती माझ्याशी ग्वाड बोलली नाय. ही कोण बाई आणलीस?"

"आजोबा, आवाज सुधारून देतंय ते."

"तुला कुणी सांगितलं तो बिघडलाय म्हणून?"

तिथून पुढं आठ-पंधरा दिवस मी कुठंच गेलो नाही. मग कामानिमित्त जुन्नरला जाणं झालं. तिथं पेठेत एका मारवाडी जैनाचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. इथली तिसरी पिढी, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच तोंडाचा फटकळ. त्याच्या मळ्यातला पंप मी दोनदा उभा करून दिलाय, पण त्यानं कधी पाणी विचारलं नाही. पुढं दुकान, मागच्या मागं घर.

त्याला झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "मेस्त्री, आता कानाला लावून पहिलं काय ऐकणार?"

"बायकोचा आवाज."

"चुकलात. ते दोन अगदीच भंगार होते म्हणून कळलं. थोडकं चुकलेलं असेल तर तुम्हाला कळायचं नाही. बाईचा आवाज तुमच्या डोक्यात बसलाय, उरलेलं डोकं भरून काढणार. जी समोर आहे तिचा लावा. खोटं लगेच सापडेल."

त्याचं म्हणणं पटलं, पण तसं त्याला दाखवलं नाही. इतक्यात आतून त्याच्या बायकोनं जेवायला हाक मारली. त्यानं मला फोनचं बटण दाबायची खूण केली आणि ओरडला, "काय म्हणालीस?"

"बहिरे झालात का? सकाळपासून तिसऱ्यांदा सांगते! ताट वाढू का झाकून ठेवू?"

तेवढं फोनात धरलं. मग त्यानं पाचशेच्या आतले तीन हेडफोन काढून मांडले. पहिल्यात त्याची बायको विहिरीच्या तळातून बोलत होती. दुसऱ्यात बरी होती, पण 'सकाळ' आणि 'सांगते' म्हणताना शिट्टी वाजायची. तिसरा काळा, हलका, वायरचा, कानावर स्पंज. खोकं उन्हानं विटलेलं. तो लावला. तीच वाक्यं दोनदा ऐकली, आणि मग "अहो!" असं ऐकू आलं.

"आता फोनात बोलली का आत बोलली?" त्यानं विचारलं.

"फोनात."

"आत बोलली. घेऊन जा हा." खोक्यावरची धूळ त्यानं माझ्याच पिशवीला पुसली. "दोन वर्षं पडून आहे. दणका नाही म्हणून कुणी हात लावत नाही."

घरी आलो. दुपारची वेळ, ओट्यावर बसलो आणि पहिल्या निरोपापासून लावलं. "आवंऽऽ!" फुटका पत्रा. खिळ्यासकट. मागं शेळी, हातातल्या बांगड्या, 'मीठ' म्हणताना पुढच्या पडलेल्या दातातून निसटणारी हवा, सगळं जिथल्या तिथं. मला हसू आलं आणि मी तिला एक शिवी दिली. जिवंतपणी द्यायचो तीच.

एकामागून एक ऐकत गेलो. चाळीसेक झाले असतील. मग 'आवंऽऽ' आखूड व्हायला लागलं. 'येताना' म्हणून ती थांबायची, मग 'मीठ', परत थांबायची, मग 'आणा'. फोनच्या भोंग्यावर ऐकताना मला वाटायचं, काय आणायचं ते आठवतेय. आता त्या थांबण्यात काय आहे ते ऐकू आलं. ती श्वास ओढत होती. विहिरीतलं पाणी तुटल्यावर पंप हवा ओढतो, तसा. पुढच्या निरोपात जास्त, त्याच्या पुढच्यात आणखी. शेवटचे वीस निरोप तसेच.

पुण्याच्या डॉक्टरनं विचारलं होतं, इतके महिने काय करत होता? मी म्हणालो होतो, हिनं सांगितलंच नाही. मुलाला तेच सांगितलं. तिच्या भावाला तेच सांगितलं, वर म्हणालो, तुमच्या डोंगरातल्या बायका दुखणं लपवण्यात पटाईत. ती गेल्यापासून मी तिच्यावर चिडून होतो की लपवून गेली.

तिच्या निरोपांखाली माझी उत्तरंही आहेत. ती मी कधी लावली नव्हती, आपलंच काय ऐकायचं. एका निरोपात ती 'शेळी सुटलीय' एवढं सांगताना तीनदा थांबली आहे. त्याच्याखालचं माझं उत्तर लावलं. माझाही आवाज होता तसाच आला. "येतोय की! जरा दम धर."

सून चहा घेऊन आली. "मामा, कसा येतोय आवाज?"

"चांगला येतोय. चहा ने आत."

मग मेव्हण्याला फोन लावला. "बोला दाजी," तो म्हणाला.

"तुझ्या बहिणीनं सांगितलं व्हतं. रोज सांगत व्हती. मीच ऐकलं नाय. मी तुला त्या दिवशी बोललो ते खोटं हाय."

तो म्हणाला, "आन् हे आता कशाला सांगताय?"

"आता ऐकू आलं म्हणून."

त्यानं फोन आपटला. आपटायलाच पाहिजे होता. मी असतो तर दोन शिव्या घालून आपटला असता.