आईच्या संमतीने

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत अन्नपूर्णाबाईंच्या रागाला सगळे वचकून असत. नवरा गेल्यापासून यात्रेकरूंच्या वंशावळीच्या वह्या त्याच सांभाळत. गाव, कुळ, पणजोबांचं नाव बरोबर सांगितल्याशिवाय वही उघडायची नाही, हा घरचा नेम. एकदा लग्न जुळवताना कुणी मुलाकडचे मुलीच्या घराण्याचं पान ‘नुसतं बघू’ म्हणाले, तर बाईंनी त्यांना पायरीवरूनच हाकललं.

आणि याच बाई घरात कशा फसल्या बघा! त्यांची लेक अंतरा सोळा वर्षांची. दीर सुमंतराव बँकेत, म्हणजे त्यांना जगातलं सगळं कळतं. “वहिनी, जमाना वाईट आहे,” म्हणत त्यांनी पोरीच्या फोनवर लक्ष ठेवणारं अ‍ॅप टाकलं; तिचे मेसेज त्यांच्या मोबाइलवर दिसू लागणार होते. ती अठराच्या आतली, म्हणून पालक खरे आहेत हे तपासायला अ‍ॅपला आईचा चेहरा हवा होता. बाई डोक्यावर पदर घेऊन कॅमेऱ्यासमोर बसल्या, संमतीचं बटण दाबून मोकळ्या झाल्या. पोरीला विचारलं? छे!

सोमवारी नाशिकचे चार यात्रेकरू जेवायला होते. जेवता जेवता सुमंतरावांनी मोबाइल काढला. “आजकालची मुलं काय काय लिहितात, ऐका,” म्हणून अंतराने रुची नावाच्या मैत्रिणीला लिहिलेलं खणखणीत वाचलं: “बाबांचा आवाज आता आठवतच नाही मला. आईला सांगू नकोस, ती रडेल.”

अंतरा ताटावरून उठून आत गेली.

बाईंनी वरणाचं पातेलं दाणकन आदळलं. “लाज नाही वाटत भावजी? पोरीचं मन पंगतीत वाढताय?”

“अहो, तिच्या भल्यासाठीच...”

“मेलं ते भलं! काढा ते, आत्ताच्या आत्ता!”

“पण वहिनी, हो तर तुम्हीच म्हणालात.”

ते खरं होतं, म्हणूनच बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. परक्यांची पानं झाकून ठेवली आणि पोटच्या पोरीचं पान आपणच उघडं टाकलं! सुमंतरावांनी आपल्या मोबाइलवरूनच अ‍ॅप काढेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.

मग त्या आत गेल्या. “काढलं गं ते. आता कुणी वाचणार नाही.”

अंतराने फोन उघडून त्यांच्या हातात दिला. “देख लो. वाच ना!”

रुचीशी झालेलं तीन वर्षांचं बोलणं तिने पुसून टाकलं होतं.

“आता कुणालाच काही लिहिणार नाही मी,” अंतरा म्हणाली. “आणि तुला तर काही सांगणारच नाही.”