काचेला लावलेली तीट

आमच्या दवाखान्याच्या नव्या इमारतीला समोरून दोन मजले काच लागली, तेव्हा ती पाहायला घाटंजीहून माणसं आली. कापसानं सगळ्यांना हात टेकायला लावलेली ती वर्षं. गावात मिरवण्यासारखं तेवढंच होतं. मी तिथं नर्स होते, मीही मिरवले.

काच पुसायचं काम चंदाबाईचं. शेजारच्या तांड्यावरची बाई. बोलायला कमी, हट्टाला जास्त. ती काच अशी घासायची की समोरचा कडुनिंब आतच उगवलाय असं वाटावं. पाखरांनाही तसंच वाटायचं. आतल्या झाडावर बसायला म्हणून यायची आणि काचेवर आपटून मरायची. रोज सकाळी चंदाबाई भिंतीकडेनं फिरून बुलबुल, होले, एकदा तर एक नवरंग पदरात गोळा करून आणायची. एखाद्याची छाती उडत असली तर त्याला टोपलीखाली ठेवून दुपारी सोडायची, बाकीचे पुरायची. "मी पुसतो, अन् हे मरतेत," एवढंच मला म्हणाली. तिचा चेहरा मला बघवेना.

तिनं पुसणं सोडलं आणि बोलणी खाल्ली. मग बाहेरून वर्तमानपत्रं चिकटवली. आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, पुंडलिकराव यांनी ती स्वतः फाडली. एवढ्या देखण्या इमारतीला ठिगळं कसली लावतेस, पुन्हा असं केलंस तर कामावर येऊ नको, म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण पोटच्या पोरीवर असावा तसा त्यांचा त्या काचेवर जीव होता.

चंदाबाईनं नेमकं हेच हेरलं. दुसऱ्या दिवशी तिनं काचेवर काजळाचा एक ठिपका लावला. पुंडलिकराव फडकं घेऊन धावले.

"बाबूसाहेब, देखण्या लेकराले तीट लावतो ना आपण?" ती म्हणाली. "इमारतीले नजर लागून राह्यली. नाही तं पाखरं काहून मरतेत?"

लावलेली तीट पुसायची कुणाची छाती होते? पुंडलिकरावांनी फडकं खाली ठेवलं.

पण एका तिटेनं पाखरू कुठलं थांबतं! त्याच संध्याकाळी तिच्या शेजारीच एक होला आपटला. ममता नावाची बाळंतीण घरी निघाली होती. चंदाबाईनं तिला काचेपाशी नेलं आणि लेकराच्या नावानं इथंही एक तीट लाव म्हणाली, पहिलीपासून चार बोटांवर. मग रीतच पडली. वरच्या मजल्यासाठी बाप शिडी चढायचे. एक जण जुळ्यांसाठी दोनदा चढला. काच भरत गेली, तशी पाखरं वळायला लागली.

मग जिल्ह्याहून साहेब आले. इमारतीचा काय अवतार करून ठेवलाय, माझ्यासमोर धुवा, म्हणाले. चंदाबाई पदराचं टोक चावत उभी राहिली. तिचं काम गेलं असंच मी धरून चालले. पुंडलिकराव बादली घेऊन काचेसमोर गेले आणि तिथंच थांबले.

"धुतो साहेब," ते वळून म्हणाले. "सुरुवात कोणाच्या लेकरापासून करू, तेवढं सांगा."

साहेबांनी काचेकडे पाहिलं, पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या सकाळी चंदाबाई पदर पसरून नेहमीसारखी भिंतीकडेनं फिरून आली. पदर रिकामा होता. "आज काहीच नाही सापडलं बाई," ती मला म्हणाली आणि पायरीवर बसून रडायला लागली.