भावाच्या वाट्याची पाळी

माझा बाप क्षमेवर फार गोड बोलायचा आणि ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आमचं गाव मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजूचं, निजामाच्या राजवटीतलं. महारवाड्यात बापाचं आणि धाकट्या चुलत्याचं घर एका भिंतीनं जोडलेलं. मला जन्म देऊन आई गेली, तेव्हा चुलतीनं आपल्या लेकरासोबत मलाही दूध पाजलं. तिच्याच कुशीत मी वाढले. गावची येसकरकी आमच्या घराण्याकडं होती. वेशीवर पहारा द्यायचा, मेलेली जनावरं ओढायची, कुणी साहेब आला की त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पळायचं. एक वर्ष बाप, एक वर्ष चुलता, अशी पाळी. ज्याची पाळी त्याच्या दाराशी घुंगरांची काठी उभी असायची.

मग बार्शीकडून येणाऱ्या पाद्र्याच्या हातून बापानं बाप्तिस्मा घेतला आणि ही घाण आता मी उपसणार नाही म्हणाला. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटला. पाटलानं त्याला ना शिवी दिली, ना त्याच्यावर चाबूक उगारला. कशाला तसदी घेईल तो? त्यानं काठी तेवढी चुलत्याच्या दाराशी नेऊन ठेवायला लावली. "तू न्हाय तर तुझा भाऊ," एवढंच म्हणाला. धर्म बदलला थोरल्यानं आणि दर वर्षीची पाळी बसली धाकट्याच्या मानगुटीवर. त्या दिवसापासून चुलता बापाशी बोलेना. चुलतीनं मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "हिकडं येऊ नगं बाई, त्यास्नी बघवत न्हाय," म्हणाली. मी पुन्हा पोरकी झाले, आणि या वेळी आई जिवंत होती.

बाप मात्र रोज संध्याकाळी चार-दोन ख्रिस्ती घरांतली माणसं जमवून प्रार्थना करायचा. प्रभू, माझ्या भावाचं मन मऊ कर, मी त्याला क्षमा केली आहे. भिंतीपलीकडं चुलता दिवसभर राबून कण्हत पडलेला असायचा. कसली डोंबलाची क्षमा? ज्याच्या पाठीवर आपलं ओझं टाकलं, त्यालाच वर क्षमा करायची, ही निर्लज्जपणाची कमाल होती. पाद्री आला की बापाची पाठ थोपटायचा. धीर धर, तुझा भाऊही एक दिवस आपल्यात येईल, म्हणायचा. भाऊ कण्हतोय याची चौकशी त्यानं कधी केली नाही.

एका वर्षी चुलत्याला हिवतापानं धरलं. तशातच वसुलीचा साहेब, गिरदावर, गावात आला. चुलत्यानं त्याची पेटी डोक्यावर घेतली आणि वाशीच्या वाटेवर कोसळला. बैलगाडीत घालून त्याला घरी आणला. त्या संध्याकाळी बापानं पुन्हा तीच प्रार्थना सुरू केली, तशी मी भरल्या बैठकीत बोलले, "काकाचं मन मऊच हाय. कठीण हाय ते तुमचं." बापानं माझ्यावर कधी नव्हे तो हात उगारला, पण तो खाली आला नाही. तसाच उठून तो शेजारच्या दारात गेला. मीही मागोमाग गेले.

तिथंही त्यानं तेच सुरू केलं, माझ्या मनात काही नाही, मी माफ केलंय. चुलती डोक्यावरचा पदर सावरत दारात आली. एरवी ती थोरल्या दिरापुढं तोंड उघडत नसे.

"माफी ठिवा तुमच्यापाशी, भावजी. ही काठी तुमच्या वाट्याची हाय. ती आदी उचला, मंग देवाचं बोला."

बापानं मान खाली घातली. मग त्यानं काठी उचलली. दुसऱ्या दिवशी गावात बैल मेला, तो त्यानंच ओढून नेला. भाऊ अंथरुणातून उठेपर्यंत त्याचंही काम तोच करत राहिला.

प्रभुभोजनाच्या रविवारी पाद्री आला. आमच्याच अंगणात सगळे बसले होते. भाकरीची थाळी आणि प्याला त्यानं बापापुढून तसाच पुढं नेला. मेलेली जनावरं ओढणाऱ्याला इथं जागा नाही, म्हणाला. ती थाळी त्याच्या हातातून हिसकावून घ्यावी आणि विचारावं, असं मला वाटलं. देवापुढं येण्याआधी दुखावलेल्या भावाकडं जा, हे तुम्हीच ना शिकवलं? गावानं शिवायचं नाही आणि तुम्हीही नाही, मग तुमच्यात आणि गावात फरक काय? बाप शांतपणे म्हणाला, "माज्या भावाकडं जाऊन आलोय, साहेब. जरा उशीर झाला."

चुलता आपल्या दारात बसून हे ऐकत होता. पाद्री गेल्यावर त्यानं हाक मारली, "दादा, जेवायला या." चुलतीनं दोघांना एका ताटात वाढलं आणि मला जवळ ओढलं. मी रडले, पण रागानंच रडले. एवढं सोपं होतं, तर मला इतकी वर्षं आईवाचून का ठेवलं?

चुलता शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही. पाद्र्याच्या लेखी तो फुकट गेला.

पाळी पुन्हा वर्षाआड सुरू झाली. पुढं बापाच्या पाळीच्या वर्षी, नाताळाच्या सकाळी पाटलाची म्हैस मेली. पाटलानं बापाला चावडीवर बोलावलं, तर त्याच्यासोबत चुलताही गेला. मी खाली पायरीशी उभी होते. म्हैस ओढायला पाटलानं सांगितलं. बापानं एकदा भावाकडं पाहिलं आणि म्हणाला, "न्हाय. आज न्हाय आन् ह्यापुढं बी न्हाय." पाटील हसला. त्याला उत्तर पाठ होतं. तो चुलत्याकडं वळला, "तू न्हाय तर तुझा भाऊ. चल रं, उठ." चुलता आता उठला, तर चुलतीचं दार माझ्यासाठी पुन्हा, आणि कायमचं बंद होणार होतं.

चुलता जागचा हलला नाही. "पाळी दादाची हाय, पाटील," तो म्हणाला. "आन् दादा न्हाय म्हनलाय. माझ्याकडं कशापायी बघता?"

बोलावून आणायला पाटलाकडं तिसरा भाऊ नव्हता.